कंबरदुखी, फिजिओथेरपी आणि शनिवार-रविवारची सर्टिफिकिटं

अमृता_सांगली
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालं, इंटर्नशिप संपली, आता एका खासगी क्लिनिकमध्ये नोकरी करते. येणाऱ्यांत निम्मे तरी कंबरदुखीचे. "मणक्यात गॅप आहे", "गादी सरकलीय", "नस दबलीय" असं सांगत, एमआरआयची पांढरी पिशवी काखेत धरून येतात. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी शेक, मग करंट, मग वजन लावायचं आणि शेवटी पाच मिनिटांत व्यायामाचा झेरॉक्स कागद. दहा सिटिंगचं पॅकेज.

गंमत अशी की ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१६च्या सूचनांत ट्रॅक्शन (म्हणजे आमचं वजन लावणं), अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी (हे दोन्ही करंटचे प्रकार) आणि कमरेचा पट्टा, यातलं काहीही कंबरदुखीला देऊ नका असं सरळ लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच सूचना काढल्या. त्यातही ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि पट्टा 'नको'च्याच यादीत आहेत. म्हणजे माझा बराचसा दिवस 'नको'च्या यादीतच जातो.

तर प्रश्न असा: पुराव्यावर आधारलेलं शिक्षण घ्यायचं तर कुठून घ्यायचं? व्हॉट्सॲपवर सतत जाहिराती येतात. मॅकेन्झी, मलिगन, मेटलंड, ड्राय नीडलिंग, कपिंग, टेपिंग. दोन दिवस, सर्टिफिकेट, जेवण समाविष्ट. फी माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. यातलं काय करावं? की सरळ एमपीटीएचला, म्हणजे पदव्युत्तरला बसावं?

झंप्या
जेवण समाविष्ट असलेलं करावं. निदान तेवढा तरी पुरावा पोटात जातो.

विनायक दादरकर
पेशंटच्या बाजूने लिहितो. माझ्या रिपोर्टात एल४-एल५ आणि एल५-एस१ (कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या चकत्या) दोन्हीकडे बल्ज, म्हणजे फुगवटा. रिपोर्ट आल्या दिवसापासून घरात मला काही उचलू द्यायचं बंद झालं. सिलिंडर सोडा, भाजीची पिशवीसुद्धा बायको हातातून काढून घ्यायची. लोकलमध्ये पट्टा बघून लोक चौथी सीट द्यायचे, हाच काय तो फायदा.

तीन ठिकाणी शेक घेऊन झाला. पालथा पडलो असताना बरं वाटायचं, दादरचा पूल चढेपर्यंत पुन्हा तेच. यातल्या एकानेही मला विचारलं नाही की बाबा, तुला नेमकं काय करायला भीती वाटते.

अमृता_सांगली
@विनायक, तुमचं वय विचारू का? कारण २०१५मध्ये एका अमेरिकी रेडिओलॉजी नियतकालिकात ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांचे स्कॅन त्यात पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज निघाला, ऐंशीच्या घरातल्यांत ८४ टक्के. चकतीची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. आणि या सगळ्यांना दुखणं शून्य!

विनायक दादरकर
४७. म्हणजे माझ्या डब्यातल्या निम्म्या लोकांना बल्ज असणार आणि चौथ्या सीटवर मात्र मी एकटाच.

अस्थिकलश
आयडी बघून घाबरू नका, हाडांचा डॉक्टर आहे.

अमृता, मुद्दा बरोबर आहे, पण "स्कॅनमध्ये काही का असेना" हे वाक्य सगळ्यांना सरसकट लावू नकोस. माझ्याकडे फिजिओकडून फिरून आलेली दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना उगाच स्कॅन केल्याने भीती बसली. दुसरे थोडे असतात, पण त्यांना स्कॅन आधी व्हायला हवा होता. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारी कळ, असं काही असेल तर आधी तपासणी, व्यायाम नंतर. दोन्ही पायांत कमजोरी, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं, हे दिसलं तर त्याच रात्री ऑपरेशन करू शकणाऱ्या रुग्णालयात पाठव. पूर्वी कॅन्सर झालेला माणूस, हाडं ठिसूळ झालेली आजी जी घसरून बसली, हेही लक्षात ठेव.

कुठल्याही कोर्सची पहिली परीक्षा माझ्या मते हीच. "कुणावर हात ठेवायचा नाही" हे जिथे पहिल्या तासाला शिकवतात, तिथे पैसे भर.

गावाकडचा
आमच्याकडे एवढा अभ्यास कुणी करत नाही. कंबरेत उसण भरली की गल्लीतला पायाळू (पायाकडून जन्मलेला) माणूस शोधायचा आणि कमरेत हलकी लाथ घालून घ्यायची. आमचा चुलता पायाळू. सुगीच्या दिवसांत सकाळी दारात रांग. फी एक नारळ.

झंप्या
@गावाकडचा, चुलत्यांचं वीकेंड वर्कशॉप ठेवा. लेव्हल १ डावा पाय, लेव्हल २ उजवा पाय.

अस्थिकलश
हसू नका. ताजी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्यामुळे लाथ मारा, करंट द्या नाहीतर नारळ फोडा, शेवटी श्रेय मिळतंच. म्हणून तर नियंत्रण गट, म्हणजे तो उपचार न घेतलेली माणसं तुलनेला लागतात. पायाळू वि. बिनपायाळू अशी चाचणी कुणी केली तर मी पेशंट द्यायला तयार आहे.

शुभदा_के
अमृता, मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे, स्वतःचं क्लिनिक आहे, म्हणून जरा कडू बोलते. मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्याला गाळ्याचं भाडं भरायचं नसतं. माझ्याकडे ऊसतोडणीच्या बाया येतात, ट्रकचे ड्रायव्हर येतात, एसटीने तास-दीड तास करून. त्यांना नुसतं समजावून पाठवलं तर गावात काय सांगतील? "मॅडम नुसत्या बोलतात. मशीनच लावलं नाही." पुढच्या वेळी तीच बाई समोरच्याकडे जाते, तिथे तिला महिनाभर वजन लावतात.

म्हणून मी शेक देते. शेकाला बंदी नाही, हेही वाच. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या कॉलेजने २०१७मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यात ताज्या कंबरदुखीला वरवरचा शेक चालतो, मसाजही चालतो. शेक चालू असतो ती पंधरा मिनिटं मी स्टुलावर शेजारीच बसते. काम काय, झोप कशी, घरी कोण, सगळं तेव्हाच कळतं. मशीन वाईट नाही, मशीन लावून दुसऱ्या पेशंटकडे पळणं वाईट.

संशयात्मा
+१ शुभदाताई. शिवाय हे सगळे 'पुरावे' ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे, इंग्लंडातल्या कीलचे आणि नॉर्वेतल्या ऑस्लोचे. आमच्या ऊसतोड कामगाराला त्यांचा पुरावा कसा लागू करायचा? तिथला पेशंट खुर्चीत बसून कंबर दुखवून घेतो, आमचा वाकून वाकून.

पर्थकर
पर्थचं नाव निघालं म्हणून बाहेर येतो. मूळचा कोल्हापूरचा, इथे फिजिओ आहे. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

अमृता, तुझा प्रश्न "कुठलं तंत्र शिकू" असा आहे. पुरावा बघितला तर तंत्रांमध्ये फरक फार थोडा निघतो. दोन उदाहरणं देतो.

१९९६मध्ये क्वीन्सलंडच्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की कंबरदुखीच्या लोकांत पोटाचा सगळ्यात आतला स्नायू हात हलवण्याआधी जरा उशिरा आवळला जातो. त्यावर 'कोअर'चं केवढं साम्राज्य उभं राहिलं ते तुला माहीतच आहे. बेंबी आत ओढा, चेंडूवर बसा, फळी करा. पण २०१६च्या कॉक्रन (अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात त्या खास व्यायामांची इतर व्यायामांशी तुलना केली, तर म्हणावा असा फायदा दिसला नाही. दुसरं, मणका 'कट्' करण्याचं, म्हणजे झटका देऊन हलवण्याचं. कुणाला फायदा होईल हे ओळखायचा पाच निकषांचा नियम २००२मध्ये अमेरिकेत निघाला, २००४च्या चाचणीत उत्तम चालला. मग २००८मध्ये ऑस्ट्रेलियात वेगळ्या रुग्णांवर तपासला तर टिकला नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्या दोन तारखा सांगतात, तिसरी सांगत नाहीत.

व्यायाम मात्र टिकून आहे. २०२१चा कॉक्रन आढावा २४९ चाचण्यांचा आहे. जुनाट कंबरदुखीत काहीच उपचार न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणं १०० पैकी सुमारे १५ गुणांनी उतरतं. जादू नाही, पण आहे.

आता मूळ मुद्दा, प्रशिक्षणाचा. स्वीडनमध्ये फिजिओंना आठ दिवसांचा विद्यापीठातला कोर्स दिला. विषय होता रुग्णाची भीती, समजुती, घरची-कामाची परिस्थिती. निकाल २०११मध्ये छापून आला. फिजिओंचं ज्ञान वाढलं, दृष्टिकोन बदलला. त्यांच्या रुग्णांत मात्र काही फरक पडला नाही. आठ दिवस, बरं का. तू दोन दिवसांचं विचारतेयस.

याच्या उलट रीस्टोअर नावाची चाचणी, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०२३. इथल्या कर्टिन विद्यापीठाच्या पीटर ओ'सलिव्हन यांच्या गटाची, ४९२ रुग्ण, २० क्लिनिक. जुनाट, कामात अडथळा आणणारी कंबरदुखी. उपचार रुग्णाची भीती, समजुती आणि हालचाल यांवर बेतलेला, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि पुढे एक उजळणी. अडचण २४ गुणांच्या मोजपट्टीवर नेहमीच्या उपचारांपेक्षा साधारण साडेचार गुणांनी जास्त कमी झाली आणि हा फरक वर्षभर टिकला. कंबरदुखीच्या क्षेत्रात वर्षभर टिकणं म्हणजे काय, ते शुभदाताई सांगतील.

तिथल्या फिजिओंना कसं तयार केलं? कित्येक महिने. खरे रुग्ण, शेजारी बसलेला अनुभवी माणूस, तुमच्याच सिटिंगचं रेकॉर्डिंग लावून "इथे पेशंटने भीती सांगितली आणि तू विषय बदललास" असं दाखवणं. गाण्याच्या क्लासात गुरुजी समोर बसून ज्या मात्रेवर चुकतेस तिथेच थांबवतात ना, तसं. सर्टिफिकेटपेक्षा हे थांबवणं महाग असतं, कारण त्याला माणूस लागतो.

@संशयात्मा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण "वाकल्याने कंबर बाद होते" हेही आपण तपासल्याशिवायच सांगत आलो ना?

संशयात्मा
तुम्ही अनुकूल तेवढंच सांगताय. कीलच्या स्टार्ट बॅक पद्धतीचं उदाहरण घ्या. नऊ प्रश्न विचारून कमी, मध्यम, जास्त धोका अशी वर्गवारी करायची आणि त्याप्रमाणे उपचार. २०११च्या लॅन्सेटमध्ये इंग्लंडात चाललं. तेच अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या दवाखान्यांत शिकवून राबवलं, २०१८मध्ये निकाल आला, रुग्णांना काहीच फायदा नाही. शिक्षण दिलं म्हणून सगळीकडे चालतं असं नाही.

पर्थकर
अगदी मान्य, आणि हे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! तिथल्या डॉक्टर-फिजिओंचं प्रत्यक्ष वागणंच फारसं बदललं नाही, असं त्या अभ्यासकांनीच लिहिलंय.

झंप्या
दोघं एकाच बाजूचे निघाले. धाग्याची मजा गेली.

अमृता_सांगली
@पर्थकर सर, खूप धन्यवाद. एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच सांगा मी काय करतेय ते.

काल साठीच्या काकू आल्या. बसल्या ते हात गुडघ्यांवर रोवून, श्वास धरून, पाठ फळीसारखी ताठ. म्हणाल्या, "वाकायचं नाही म्हणून सांगितलंय." कुणी? "सगळ्यांनीच." केर सून काढते, देवापुढची रांगोळी बंद केली म्हणे. पर्स खाली जमिनीवर होती. मालक जेवायला गेले होते, म्हणून मशीन न लावता मी म्हटलं, ती पर्स उचलून द्याल का. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला, श्वास कोंडला, गुडघ्यातून अर्ध्या बसल्या आणि कळ आली. मग म्हटलं, आता श्वास सोडत सोडत, पाठ सैल सोडून, जरा गोलच होऊ द्या, बाळाच्या पाळण्यात वाकून बघताना होते तशी. तीन-चार वेळा झाल्यावर पर्स उचलली. कळ होती, पण कमी. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी त्यांची काहीतरी फसवणूक केली.

मालक आले आणि पुढची वीस मिनिटं आयएफटी.

पर्थकर
म्हणजे अर्धं काम तुला येतंय. श्वास कोंडलाय हे तुला दिसलं. हेच बघायला आम्हाला इथे महिने लागतात.

पण काकू तशा का बघत होत्या? कारण वाकल्या आणि काही मोडलं नाही. हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं राहिलं. "आता काय झालं असं तुम्हाला वाटतं?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

शुभदा_के
आणि रांगोळी घरी काढायला सांगायची. चेंडू आणि चटईपेक्षा ती बरी. उकिडवं बसणं, वाकणं, पुढे सरकणं, सगळं आलं त्यात. आधी चार ठिपके, मग वाढवायचे.

योगिनी
वाचून वाटतंय की सगळ्यांना शेवटी योगाकडेच यायचंय. 😊 जागतिक आरोग्य संघटनेने त्या सूचनांत व्यायाम सुचवलाय, त्यात योग येतो का?

अस्थिकलश
येतो. पण इतर व्यायामांच्या बरोबरीने येतो, वर बसून नाही. जो व्यायाम माणूस सोडत नाही तो चांगला. तुमच्या वर्गात लोक टिकत असतील तर पाठवतो.

आणि चालण्याचं कुणी बोललं नाही. २०२४च्या लॅन्सेटमध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाची चाचणी आहे. नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ लोक. निम्म्यांना फिजिओने हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि थोडं समजावलं. पुन्हा कंबर धरेपर्यंतचा काळ (मध्यक, म्हणजे निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) चालणाऱ्यांत २०८ दिवस, बाकीच्यांत ११२. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच त्याचं वर्कशॉप कुणी घेत नाही.

विनायक दादरकर
फलाटावरच चालायला सुरुवात केलीय. पट्टा अजून बॅगेत आहे, फक्त विरारच्या गाडीसाठी.

गावाकडचा
चुलते विचारतायत, त्यांच्या उपचाराला पुरावा शोधायचा तर कुठे शोधायचा?

पर्थकर
पेड्रोवर शोधा. गंमत सोडा, अमृता, ही तुझ्या कामाची गोष्ट. सिडनीतून १९९९पासून चालणारा फुकट साठा आहे, फक्त फिजिओथेरपीच्या चाचण्या, आढावे आणि मार्गदर्शक सूचनांचा. प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात. वर्कशॉपची जाहिरात आली की त्या तंत्राचं नाव तिथे टाकून बघायचं. पाच मिनिटांचं काम.

म्हापशेकार
पेड्रो? आमच्या वाड्यावर एक पेड्रो आहे. तो पण कंबर बरी करतो, पण फेणी चोळून. अर्धी बाहेरून, अर्धी आतून.

झंप्या
@म्हापशेकार, दहापैकी दहा. नियंत्रण गटात कोण जाणार ते मात्र विचारू नका.

संपादक
मंडळी, अवांतर आवरा. औषधांची आणि फेणीची मात्रा इथे सांगू नये.

ऋजुता_एमपीटीएच
एमपीटीएचबद्दल कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून लिहिते. मी मस्क्युलोस्केलेटलमध्ये (हाडं, सांधे, स्नायू) केलं. तिथे शोधनिबंध वाचायला आणि त्यातली खोट काढायला शिकता येतं, ते मोलाचं आहे. पण रुग्ण हाताळताना तुझ्याकडे कुणी बघत बसेल का, हे कॉलेजवर नाही, गाइडवर अवलंबून आहे. प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्याला एकच विचार: "ओपीडीत मॅडम तुमच्या शेजारी उभ्या राहतात का?" उत्तर देताना तो हसला तर दुसरं कॉलेज बघ.

मॅकेन्झी वगैरेला सरसकट नावं ठेवू नका मात्र. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये एक पेशंट डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ कमी झाली, त्यावरून रॉबिन मॅकेन्झी यांची पद्धत निघाली. त्या पद्धतीतली वारंवार हालचाल करून कळ कुठे सरकते ते बघण्याची शिस्त मला रोज उपयोगी पडते. तंत्र म्हणून शिक, धर्म म्हणून नको.

शुभदा_के
ऋजुताशी सहमत. आणि अमृता, दोन दिवसांच्या वर्कशॉपात मैत्रिणी मिळतात, त्यांचा फोन नंबर घे. शिक्षण त्यानंतर सुरू होतं.

माझ्याकडे रविवारी सकाळी क्लिनिक बंद असतं, मिरजेत. दोन टेबलं, दहा-बारा खुर्च्या आहेत. येणार असाल तर महिन्यातून एकदा बसू. एकाने आपल्या सिटिंगचं रेकॉर्डिंग आणायचं, पेशंटची लेखी परवानगी घेऊन, नाव-चेहरा काढून. बाकीच्यांनी ऐकायचं आणि कुठे विषय बदलला ते सांगायचं. पहिलं रेकॉर्डिंग माझं. संशयात्मा, तुम्ही मिरजेचेच ना? या, भांडायला माणूस हवा.

संशयात्मा
येतो. पण पहिल्या दिवशी तो वॉशिंग्टनचा निबंध वाचायचा, मगच रेकॉर्डिंग. आणि ऊसतोडीवरचा एक तरी पेशंट घ्या. खुर्चीतल्या कंबरा मला नकोत.

पर्थकर
मला व्हिडिओवर घ्या. तुमची सकाळ म्हणजे माझी दुपार, जमेल.

झंप्या
जेवण समाविष्ट आहे का?

शुभदा_के
पोहे. फी एक नारळ.

अमृता_सांगली
मी येतेय! काकूंना विचारते, त्या हो म्हणतील असं वाटतंय. मालकांना कसं सांगायचं ते अजून ठरलं नाही, क्लिनिकमधलं रेकॉर्डिंग त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर नेता येणार नाही ना? आणि पेशंटसाठी सोप्या मराठीतला संमतीपत्राचा नमुना कुणाकडे आहे का? कॉलेजात मिळालेला इंग्रजीत आहे आणि तो मलाच दोनदा वाचावा लागतो.

ऋजुता_एमपीटीएच
मालकांची लेखी परवानगी लागेलच, त्यांनाही पोह्यांना बोलाव. संमतीपत्र माझ्या प्रबंधाच्या वेळचं आहे, एकपानी, नैतिकता समितीने मान्य केलेलं. रेकॉर्डिंगचा परिच्छेद त्यात घालावा लागेल. व्यनि बघ.